सोमवारपर्यंत राहा

चिंचवड, २४ नोव्हेंबर २०२४

जयेश,

वर सवयीने 'प्रिय' लिहून गेले होते. तो कागद फाडून टाकला. दादाच्या घरात कागदाला तोटा नाही.

पत्र बघून दचकला असशील. आजच्या काळात पत्र कोण लिहितं? जिचा नंबर नवऱ्याने ब्लॉक केलाय, ती बाई लिहिते. व्हॉट्सअ‍ॅप बंद, फोन बंद, मेलला उत्तर नाही. पण बहारीनमध्ये दारावर पोस्टमन येत नाही, पत्रं ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर येतात, एवढं सोळा वर्षांत माझ्याही लक्षात राहिलंय. तुमच्या बँकेतला नजीब डाक आणून टेबलाटेबलावर वाटतो. पाकिटावर पाठवणारीचं नाव मी चांगलं ठळक लिहिलंय. रायगडचा माणूस, मराठी वाचतो. त्याला माझा नमस्कार सांग.

सोमवारी संध्याकाळी तिबिलिसीच्या विमानतळावर काय झालं, ते तुला न सांगताही ठाऊक असेल. तरी सांगते. तू करतोस ती कामं तुला कधी समोर उभं राहून बघावी लागत नाहीत, ही तुझी जुनी सोय आहे.

काउंटरवरच्या मुलीने माझ्याबरोबर फिरायला आलेल्या इशरतला बोर्डिंग पास दिला. मग माझा पासपोर्ट घेतला, कॉम्प्युटरवर बघितलं, पुन्हा बघितलं. म्हणाली, "मॅडम, युवर बहारीन रेसिडेन्स इज कॅन्सल्ड." मी हसले रे. म्हटलं, तुमची सिस्टिम चुकतेय, माझे मिस्टर तिकडे बँकेत आहेत, एक मिनिट, लावते फोन. लावला. परत लावला. मागची माणसं चुळबुळ करायला लागली आणि मी त्या मुलीला समजावत होते की मिस्टर मीटिंगमध्ये असतील, ते फोन उचलत नाहीत असं कधी होत नाही.

इशरत मला सोडून जायला तयार नव्हती. तिची लहान मुलांची नर्सरी इकडे बहारीनमध्ये, बुदैयाला खोळंबली होती, तरी म्हणे, मी पण ऱ्हाते. मीच तिला पुढे ढकललं. म्हटलं, कस्तुरी शाळेतून येऊन वाट बघत असेल. तिला सांग, मम्माच्या कागदांचा काहीतरी घोळ झालाय, येईल दोन दिवसांत. मग मी एकटी मुंबईच्या विमानात बसले आणि अंगावरच्या लोकरी कोटासकट दादाच्या दारात उभी राहिले.

घोळ नव्हता हे मला इशरतच्या नवऱ्याने चौकशी करून कळवलं. अर्ज तूच केलास. रविवारी सकाळी.

तेव्हा कुठे मला सोमवारचा अर्थ लागला. मी गुरुवार ते शनिवार म्हणत होते. चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून एवढं पुष्कळ झालं, असं माझं मत. तू म्हणालास, "एवढ्या लांब जाताय तर सोमवारपर्यंत राहा. तू कुठे एरवी फिरतेस?" मी लगेच इशरतला फोन करून मिरवलं, बघ माझा नवरा. शुक्रवार-शनिवार तिकडची ऑफिसं बंद असतात, तुला रविवार मोकळा हवा होता, हे माझ्या डोक्यात कशाला येईल?

आणि रोज फोटो पाठव म्हणालास. तेही पाठवले. गंधकाच्या पाण्याच्या न्हाणीघरांचे पाठवले, नदीवरच्या लाकडी सज्जांचे पाठवले. टेकडीवर एका बाईचा भलामोठा पुतळा आहे, एका हातात द्राक्षाच्या दारूचं भांडं आणि दुसऱ्या हातात तलवार. गाइड म्हणाला, मित्र आला तर भांडं, शत्रू आला तर तलवार. तिच्या पायाशी उभी राहून मी दात काढून फोटो काढला. तू वर अंगठा पाठवलास. पाठवलास की दाखवलास, ते आता कळतंय.

बहारीनचा रेसिडेन्स असला की जॉर्जियाला वेगळा व्हिसा लागत नाही, म्हणून तर आपल्यातले निम्मे लोक ईदला तिकडे पळतात. ज्या कागदावर मी त्या देशात शिरले, तोच तू मी आत असताना काढून घेतलास. हुशार आहेस. बँकेत तुला वर का चढवतात ते समजलं.

मला तुझ्याकडून काही नको. कस्तुरीशी बोलू दे.

उल्का


चिंचवड, १५ डिसेंबर २०२४

जयेश,

काल दादा बॅडमिंटन खेळून घामाघूम होऊन घरी आला आणि त्याला समजलं की त्याची बायपास झाली आहे. जुफैरच्या आपल्या बिल्डिंगमधल्या मालूताईंचा फोन होता. "सुयशभाऊंची तब्येत कशी आहे गं? जयेशजी म्हणाले तू त्यांच्यासाठी तिकडेच थांबलीस. किती करतेस भावाचं!" दादाच समोर उभा होता, रॅकेट हातात. मी म्हटलं, बरा आहे, चालतो-फिरतो. काय सांगणार होते? नवऱ्याने मला परदेशात नेऊन सोडलं, मांजरीची पिल्लं गोणीत घालून सोडतात तसं?

हे लोकांसाठी. घरात, इशरतला माझा निरोप देऊ न देता, कस्तुरीला तू काय सांगितलंस तेही समजलं. "मम्मा नीड्स अ ब्रेक फ्रॉम अस." मी शाळेच्या मेलवर तिला पानभर लिहिलं, त्यावर तिची एक ओळ आली: हॅव फन इन इंडिया. चौदा वर्षांची पोर आहे, जयेश. तिला वाटतंय आई तिला कंटाळली.

इशरत रोज माझ्याशी भांडते. "अगो, सांग ना त्या पोरीला खरं काय ता. तू गप ऱ्हायलीस म्हणून तो शाणा ठरला." तिचं खरं आहे. मला एक मेल लिहायची खोटी आहे. पण ती पोर तुझ्या घरात राहते, तुझ्या हातचं जेवते, रात्री दिवा तू बंद करतोस. तिला खरं सांगून मी तिथेच ठेवायची? बापाचा राग करत तिने त्याच घरात दिवस काढायचे? त्यापेक्षा माझा राग करू दे. मी लांब आहे, मला तिचा राग परवडतो.

हे मी तुझ्यासाठी करत नाही, हे ध्यानात ठेव.

व्हिजिट व्हिसाचा अर्ज केला होता. नाकारला. कारण सांगत नाहीत. तू तिथेही काही केलंयस की नुसतंच माझं नशीब, हे विचारून तुझा वेळ घेत नाही.

जिच्यासाठी हे सगळं केलंस त्या तेजस्वीला गणपतीत मीच उकडीचे मोदक वळायला शिकवले होते. तिची पाकळी फाटायची. आता जमतात का, विचार.

उल्का


चिंचवड, ९ फेब्रुवारी २०२५

जयेश,

तुझे कार्गोचे खोके पोचले.

इतकी वर्षं आपण इथून खोके पाठवत होतो. वहिनीला मिक्सर, मुलांना चॉकलेटं, दादाला अत्तर. खोका आला की हे सगळे त्याच्याभोवती गोळा व्हायचे. या वेळीही झाले, सवयीने. वहिनीने कात्री आणली. वरच माझा कुकर निघाला आणि वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली.

काय काय पाठवलंस! साड्या, चपला, माझी औषधं, देवघरातली अन्नपूर्णा, अर्धा पाकीट कुंकू, अगदी फ्रिजवरचा लोहचुंबकसुद्धा. माझ्या वासाची एक वस्तू घरात उरू द्यायची नाही असा पण केलेला दिसतोय. स्वतः पॅक केलंस की तेजस्वीने मदत केली? काचेच्या वाट्यांना माझ्याच ओढण्या गुंडाळल्यात, म्हणजे कुणीतरी डोकं वापरलंय.

तिसऱ्या खोक्याच्या तळाशी, लोणच्याच्या बरणीखाली, खाकी फाइल सापडली. माझी बी.एड.ची सर्टिफिकेटं, ओरिजिनल.

ही फाइल कित्येक वर्षं तुझ्या कपाटात कुलपात होती. "तुझे कागद हरवतील, माझ्याकडे असू देत." बुदैयाला नर्सरी काढली तेव्हा इशरतने पहिल्यांदा मलाच विचारलं होतं. तू म्हणालास, कशाला? फॅमिली व्हिसावर आरामात आहेस, वर्क व्हिसाच्या भानगडी कशाला? मीही म्हटलं, कशाला. कागदांचं सगळं तू बघायचास. माझा पासपोर्टसुद्धा मला फक्त विमानतळावर दिसायचा.

आणि आता घर धुऊन-पुसून स्वच्छ करायच्या नादात तू ती फाइल साड्यांबरोबर मला पाठवून दिलीस. न बघता. पहिल्या पत्रात म्हटलं ना, तुझी जुनी सोय.

मी दारं लावून खूप हसले. दादाला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

इशरतला फोटो पाठवलाय. मुंबईत सर्टिफिकेटांवर शिक्के मारून घ्यायला उद्या निघते.

उल्का


बुदैया, २० एप्रिल २०२५

जयेश,

पाकिटावरचं तिकीट बघ. बहारीनचंच आहे.

मी आले. इशरतच्या नर्सरीत शिकवते, तिच्या व्हिलाच्या माळ्यावर राहते. खिडकीतून खजुराची बाग आणि मागे हायवे दिसतो. या रस्त्यावरून आपण शुक्रवारी भाजी घ्यायला यायचो, तेव्हा तू म्हणायचास, इथे कोण राहत असेल? मी राहते.

विमानतळावरच्या माणसाने माझा नवा व्हिसा बघितला, शिक्का मारला, "वेलकम बॅक" म्हणाला. बस. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी तू मला पाच महिने माझ्या पोरीपासून तोडलंस.

माझं स्वतःचं सीपीआर कार्ड, इथलं ओळखपत्र, झालंय. सोळा वर्षं कार्डावर मी तुझी कुणीतरी होते. आता 'शिक्षिका' आहे. ते मी पर्समध्ये ठेवते आणि दिवसातून उगीचच दोनदा काढून बघते. तू हसशील. हस.

कस्तुरी एकदा भेटली, मॉलमध्ये. मालूताई घेऊन आल्या होत्या. केस कापलेत. उंच झालीय. मी जवळ घेतलं तर लाकडासारखी उभी राहिली. मग सगळा वेळ फोनमध्ये. मी विचारायची मराठीतून, ती एका शब्दात इंग्रजीतून उत्तर द्यायची. निघताना म्हणाली, "सो द ब्रेक इज ओव्हर?" मी म्हटलं, हो. तिने बॅग उचलली आणि गेली. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. हे तुला कळावं असं नाही, पण कुणाला तरी सांगायचं होतं आणि मला तुलाच सांगायची सवय आहे. या सवयीची मला शरम वाटते.

उल्का


बुदैया, १४ मे २०२५

जयेश,

सहा महिन्यांनी तुझा नंबर माझ्या फोनवर उजळला.  वाटलं, कस्तुरीला काही झालं.

"हाय उल्का, होप यू आर वेल. ईदला कस्तुरीला व्हिएन्नाला नेतोय, पाच दिवस. शेंगेन व्हिसाला आईची एनओसी लागते. प्लीज साइन अँड सेंड, विथ सीपीआर कॉपी."

होप यू आर वेल!

एवढा कागदांचा माणूस तू. बायकोचा रविवार-सोमवार जुळवलास, आणि अल्पवयीन मुलीच्या कागदावर आईची सही लागते हे विसरलास? बायको रद्द करता येते. आई रद्द करायचा अर्ज कुठल्याच काउंटरवर मिळत नाही. बघितलास का शोधून?

मेसेजला उत्तर पत्राने देते आहे, रागावू नकोस. मला सवय झालीय आणि नजीबलाही.

सही करणार नाही. व्हिएन्नात राजवाडे आहेत म्हणे, संगीत आहे, केक आहेत. तू, तेजस्वी आणि मध्ये माझी मुलगी, मागे कारंजं, असा फोटो तुला हवाय. माझ्या सहीवर तुझा फोटो? जमणार नाही. इथल्या अरबीत, मफी.

हे लिहीपर्यंत कस्तुरीचा मेसेज आला. सहा महिन्यांत स्वतःहून पहिला. "मम्मा प्लीज साइन. आय रिअली वॉन्ट टू गो." खाली बर्फाच्या डोंगराचं चित्र आणि हात जोडलेले.

तूच करायला लावलंस ना? की तिला खरंच जायचंय? जायचंच असणार. त्या वयात मीसुद्धा कुणाहीबरोबर गेले असते.

इशरत म्हणते, नको करू. तो तुझ्याशी कसा वागला ता विसरलीस? मी म्हटलं, विसरले नाही, म्हणून तर हात अडतोय. सही नाही केली तर मी पोरीला सुट्टीवरून अडवणारी बाई. घरी बसून तिचा कागद अडवणारी. आणि हे काम या घराण्यात कोण करतं ते मला माहीत आहे.

आज एवढंच. अजून 'नाही'च आहे.

उल्का


बुदैया, २१ मे २०२५

जयेश,

सही केलेली एनओसी सोबत जोडली आहे, सीपीआर कार्डाच्या प्रतीसकट. नीट तपासून घे. यातलं सगळं बरोबर आहे.

आता ती कशी झाली ते वाच.

तू कस्तुरीला कागद देऊन पाठवलंस, तुझ्या ड्रायव्हरबरोबर. स्वतः यायचं धाडस नव्हतं, ठीक आहे. शाळा सुटल्यावर युनिफॉर्ममध्येच आली. नर्सरीची मुलं गेली होती. मोठ्या खुर्च्या वर होत्या म्हणून आम्ही दोघी पोरांच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो, गुडघे हनुवटीला लावून. तिने तुझा व्हिसाच्या कागदांचा लिफाफा टेबलावर ठेवला, तिचा पासपोर्टही त्यातच होता. माझा विचार रात्रीच बदलला होता. मी पेन घेऊनच बसले होते.

"मम्मा, सीपीआर कॉपी," ती म्हणाली. मी कार्ड दिलं आणि झेरॉक्स काढून आण म्हटलं. ती मशीनजवळ जाऊन थांबली. कार्ड उलटंपालटं करून बघत राहिली.

"व्हाय इज इट न्यू? तू टीचर कधी झालीस?"

मी म्हटलं, जुनं रद्द झालं.

"हू कॅन्सल्ड इट?"

खोटं बोलायचा मी प्रयत्न केला, जयेश. माझ्या आईची शपथ. सिस्टिमची चूक, एक्स्पायरी, काहीतरी जुळवत होते. पण मला कागदांतलं खोटं बोलायचा सराव नाही. तिने वर बघितलं आणि तिला कळलं.

"वेअर वेअर यू देन?"

तिबिलिसीला, मी म्हटलं. परत यायला विमानतळावर आले होते. तुझ्यासाठी अक्रोडांची माळ घेतली होती, द्राक्षाच्या रसात बुडवलेली. तिथे कळलं.

 मशीन घरघरत होतं. मग हळूच इंग्रजीत म्हणाली, त्या सोमवारी सकाळी, शाळेची बस यायच्या आधी बाबाने तिला नाश्ता देताना सांगितलं होतं, मम्मा परत येणार नाही, तिला ब्रेक हवाय.

"सकाळी?" मी विचारलं.

"येस. सकाळी. तू दुपारी मला केबल कारमधून फोटो पाठवलास. यू वेअर वेव्हिंग. मला वाटलं, शी इज सो हॅपी टू लीव्ह मी."

मला ती सकाळ माहीत नव्हती, जयेश. मी आपली समजत होते की मी न पोचल्यावर तू पोरीला काहीतरी थाप मारलीस. तू आधीच सांगून ठेवलं होतंस. मी केबल कारमधून हात हलवत होते आणि माझी मुलगी माझ्या फोटोकडे बघून मला निरोप देत होती. इतके दिवस मी तुझ्यावर चिडत होते. काल पहिल्यांदा तुझी किळस आली.

मी तिला जवळ घेतलं नाही. मॉलमधलं आठवलं. तीच उठून आली आणि माझ्या खांद्यात तोंड घातलं. केस कापलेत तरी मानेला तोच वास येतो.

मग मी सही केली. ती "नको" म्हणत होती. मी म्हटलं, करू दे. तुझा कागद मी अडवणार नाही. जायचं की नाही, ते तू ठरव.

तिने कागद घेतला, वाचला, घडी केली. आणि मग, जयेश, तुझ्या त्या पोरीने, जिने वर्षानुवर्षं मला मराठीत एक वाक्य धड उत्तर दिलेलं नाही, तिने मला मराठीत विचारलं:

"मम्मा, मी बाबाबरोबर गेले, तर मला परत येता येईल ना?"

मी म्हटलं, अगं वेडे, बाप आहे तो तुझा.

तिने मान हलवली. मग तेच पुन्हा विचारलं.

 याचं उत्तर तुझ्याकडचं आहे, तूच दे. समोर उभं राहून दे, या वेळी.

तोवर एक लक्षात घे. तुझा लिफाफा तिने घरी जाताना ड्रायव्हरच्या हाती दिला, पण एनओसी मी मागून घेतली, कारण ती नजीबच्या हातून तुझ्या टेबलावर यावी अशी माझी इच्छा होती. आणि लिफाफ्यात पासपोर्ट नाही, हे एव्हाना तू बघितलं असशील. माझ्याकडे नाही. मी घेतला नाही, मी तसली कामं करत नाही.

तो तिने स्वतःच्या दप्तरात ठेवलाय. मागून बघ.

उल्का